पप्पांवरची तीस वाक्यं

पप्पांचा डावा डोळा गेला तेव्हा मी इंग्रजीतला एक काळ शिकत होते. दोन्ही गोष्टी एकाच वहीत आहेत, आणि ती वही अजून माझ्याकडे आहे. शंभर पानी, पुठ्ठ्यावर केळीच्या चिकाचा डाग. उघडली की राग येतो. कोणाचा, ते मात्र इतक्या वर्षांत ठरलं नाही. कधी सरांचा येतो, कधी पप्पांचा, बहुतेक वेळा माझाच.

आमचं घर वसईतल्या नंदाखालला. पुढे नारळ, बाजूला केळी आणि मागच्या अंगाला खायच्या पानांचे वेल. नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी बी.कॉम. होऊन घरात बसले होते आणि दर आठवड्याला कुठेतरी अर्ज टाकत होते. अंधेरीच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "हाऊ लाँग हॅव यू बीन लिव्हिंग इन वसई?" मी ठणकावून सांगितलं, "आय ॲम लिव्हिंग फ्रॉम बर्थ." बाई हसल्या असत्या तरी चाललं असतं. त्या नुसतं बरं म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कळवू म्हणाल्या होत्या, अजून कळवतायत.

घरी येऊन मी चप्पल भिरकावली. आईने विचारलं तर तिच्यावरच खेकसले. पप्पा ओटीवर पानं निवडत बसले होते. ते म्हणाले, "एवढं चिडायला काय झालं? येत नाही तर शिक. विरारला क्लास लाव."

क्लास म्हणजे विरार पश्चिमेला नव्या बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावरचा एक हॉल. सर मुंबईच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. दाराबाहेर चपला काढायच्या, सतरंजीवर बसायचं, आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या. आम्ही अकरा जण होतो. बाकीचे काळ मी कसेबसे घशाखाली उतरवले. पण हा एक, हॅज बीन आणि पुढे आयएनजी, माझ्या पार डोक्यावरून गेला.

"सर," मी म्हटलं, "आम्ही घरी म्हणतो, मी सकाळपासून पानं निवडतेय. झालं की! त्याला हॅज कशाला आणि बीन कशाला? एका कामाला तीन-तीन माणसं?"

सर रागावले नाहीत. कधीच रागवायचे नाहीत, त्यानेच माझं डोकं जास्त फिरायचं. म्हणाले, "काम मागे कधीतरी सुरू झालं. अजून चालू आहे. आणि तू आत्ता इथे उभी राहून, सुरुवातीपासून आत्तापर्यंतचं सगळं एकदम बघते आहेस. कळलं?"

"हो सर," मी म्हटलं. कपाळ कळलं होतं.

माझ्यासारखे आणखी चारपाच असावेत, कारण पुढच्याच दिवशी सरांनी नवीन टूम काढली. म्हणाले, "प्रत्येकाने घरातला एक माणूस धरा. जो घरी असतो, ज्याच्याकडे बघता येईल असा. रोज त्याच्यासमोर वही घेऊन बसा आणि तो कधीपासून काय करतोय ते याच काळात लिहा. रोज एक वाक्य. तीस दिवस. आणि खोटं लिहायचं नाही. खोटं वाक्य मला लगेच कळतं."

एकाने आजी धरली, एकीने सासू. मी पप्पांना धरलं. आई एका जागी बसायची नाही, तिचं वाक्य पुरं होईपर्यंत ती दुसऱ्याच कामाला लागलेली असायची. पप्पा मात्र रोज सकाळी ओटीवर पानांचा ढीग घेऊन बसत. खुडून आणलेली पानं एकेक उचलायची, डाग पडलेलं, पिवळं, किडलेलं बाजूला टाकायचं, चांगली एकावर एक रचायची, मग करंडीत केळीचं पान अंथरून भरायची आणि सायकलला बांधून आगाशीच्या बाजारात न्यायची. त्यांचे वडीलही हेच करत. पप्पा निवडलेली करंडी व्यापारी उघडूनसुद्धा बघायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि ती ते स्वतःच सांगायचे.

पहिलं वाक्य सोपं गेलं. माय फादर हॅज बीन सॉर्टिंग लीव्हज सिन्स मॉर्निंग. सरांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली. मी खूश.

त्याच आठवड्यात करंडी परत आली. आमच्या घरात असं कधी झालंच नव्हतं. व्यापाऱ्याने निरोप धाडला होता, चांगल्या पानांत डागाळलेली पानं किती घालता? पप्पा एकदम लाल झाले. आई म्हणाली, "अहो, नीट बघून भरा ना." त्यावर ते म्हणाले, "मी नीटच भरली. वाटेत डाग पडतायत. पाणी खारं झालंय विहिरीचं."

झालं! खारं पाणी म्हटलं की आमच्याकडे पुढे कोणाला काही विचारावं लागायचं नाही. त्या वर्षांत सगळ्या पट्ट्यात तोच एक विषय. नव्या बिल्डिंगींना टँकरने पाणी जायचं ते आमच्याच बाजूच्या विहिरींचं, आणि उपसा वाढला की समुद्राचं पाणी आत सरकतं, असं जो तो सांगत होता. कोणाची केळी मेली, कोणाचा नारळ गळला, सगळं त्या खाऱ्या पाण्याच्या नावावर. काही ठिकाणी ते खरंही होतं. त्यामुळे पप्पांचा शब्द कोणी तपासला नाही.

म्हणजे तपासला, पण विहिरीकडून. येणारा प्रत्येक जण आधी विहिरीवर जायचा, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, खुळखुळवायचा आणि निकाल द्यायचा. काका म्हणाले, खारंच. शेजारचे म्हणाले, खारं नाही पण मचूळ. घरं फिरत आलेले चर्चचे फादरसुद्धा एक घोट घेऊन विचारात पडले आणि म्हणाले, "काहीतरी आहे खरं." पानं खुडायला मिठागराच्या बाजूच्या गावातून एक मावशी यायची. ती तर म्हणाली, "पानीच खारं झालंय बाय, पानं बिचारी काय करतील?" एकट्या आईला खारं लागेना. ती म्हणायची, "याच पाण्याचा चहा पिताय सगळे, चहा नाही तो खारट लागत!" तिचं कोण ऐकतंय? मीही चाखून बघितलं. मला एकदा खारं लागलं, एकदा नाही. मी गोंधळून तिसऱ्यांदा प्यायले आणि पोट दुखलं.

दुसरी करंडी परत आल्यावर काकांनी ठरवून टाकलं. "ईस्टर झाला की वेल काढून टाकू. शेवंती लावू." पप्पांनी मान हलवली. जन्मभर ज्या वेलांना हात लावू दिला नाही ते काढायला हा माणूस हो म्हणतो, याचं मला नवल वाटलं. वाईटही वाटलं. पण मी विचारलं नाही. मला वाक्य लिहायचं होतं.

ती वाक्यं आता सांगते.

माय फादर हॅज बीन होल्डिंग द सेम पेज ऑफ द न्यूजपेपर फॉर वन अवर. मी सिन्स वन अवर लिहिलं होतं, सरांनी फॉर केलं. पप्पांना मी चिडवलंही, "पाठ करताय की काय?" ते म्हणाले, "अगं, बातमीच तशी आहे."

माय फादर हॅज बीन सर्चिंग फॉर हिज स्लिपर सिन्स सिक्स ओक्लॉक. चप्पल त्यांच्या उजव्या पायाजवळ होती. मी तशीच बसून राहिले, वाक्य पुरं व्हावं म्हणून. हे लिहिताना मला लाज वाटते, पण सरांनी खोटं लिहायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

माय फादर हॅज बीन रिंगिंग द सायकल बेल फ्रॉम द चर्च. ही मला फार आवडलेली ओळ. आगाशीहून येताना चर्चचं वळण लागलं की ते घंटी वाजवायला सुरुवात करायचे ती थेट आमच्या दारापर्यंत. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. पोरं मागे लागून ओरडायची, "घंटीवाले आले, घंटीवाले आले!" मीही हसायचे. सरांनी इथे व्हेरी गुड लिहिलंय.

माय फादर हॅज बीन सिटिंग इन द फर्स्ट बेंच सिन्स लेंट बिगॅन. उपवासकाळ चालू होता. एरवी चर्चमध्ये मिस्साला शेवटी दाराजवळ पुरुषांत उभे राहणारे पप्पा पहिल्या बाकावर जाऊन बसू लागले होते. आई म्हणाली, "देवाने बुद्धी दिली." माझाही तोच समज.

आणखीही आहेत. सकाळपासून प्रत्येक पानावर अंगठा फिरवतायत. दोन दिवस कपाळावर टेंगूळ घेऊन फिरतायत आणि दाराला शिव्या देतायत. कालपासून पूर्ण मान वळवून बघतायत, मान आखडली म्हणतात. एकोणतीस वाक्यं, आणि जवळजवळ सगळ्यांखाली लाल खूण. वाक्यं इतकी बरोबर येत होती की मला वाटलं, आता हा काळ आपल्याला आला. तो काय सांगतो ते काही आलं नव्हतं.

मध्येच एकदा क्लासमध्ये मला ठसका लागला. सरांच्या बायकोने पाणी आणून दिलं. प्यायले. चांगलं गोड पाणी. मी सहज विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठून येतं?" त्या म्हणाल्या, "टँकरचं गं. नंदाखालहून येतो." त्यांनी ज्या विहिरीची खूण सांगितली ती आमच्यापासून दोन वाड्या सोडून. मी ग्लास हातात धरून बसले. त्या विहिरीचं गोड आणि आमचं खारं, हे कसं? घरी येऊन पप्पांना सांगितलं. ते माझ्याकडे मान वळवून कितीतरी वेळ बघत राहिले. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाले, "तू त्या वहीत काय लिहितेस गं रोज?"

"तुमच्याबद्दल," मी म्हटलं. "क्लासचं आहे."

"बरं," ते म्हणाले. "लिही, लिही."

शनिवारी सरांनी सगळ्यांना वाक्यं उभं राहून वाचायला लावली. तिसावं सोमवारी आणायचं होतं. कोणाच्या आजीला सगळे हसले, सासूला तर टाळ्या पडल्या. माझा नंबर आला. मी चांगली रंगवून वाचली. घंटीला हशा, चपलेला हशा, टेंगळाला तर सर स्वतः हसले. मी खाली बसले तेव्हा माझ्या बाजूला बसलेली बाई तेवढी हसत नव्हती. ती विरारच्याच बिल्डिंगीत राहणारी, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून यायची. तिने हळूच विचारलं, "तुझ्या पप्पांना दिसत नाही का गं?"

"दिसतं की!" मी तिच्यावर डाफरले. "सायकल चालवतात आगाशीपर्यंत!"

माझी वही तिने ओढून घेतली आणि घंटीच्या वाक्यावर बोट ठेवलं. मग चपलेच्या. मग टेंगळाच्या. मी तिचं बोट बघत राहिले. मग वही उचलली आणि क्लास सुटायच्या आधीच निघाले.

घरी पोचले तेव्हा पप्पा ओटीवरच होते. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूने आले आणि अगदी खेटून उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही. मी काळा डाग पडलेलं एक पान उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. "पप्पा, हे कसं आहे?" त्यांनी दचकून मान वळवली. मग पानावर अंगठा फिरवला, देठापासून टोकापर्यंत.

"चांगलं आहे," म्हणाले. आणि रचलेल्या पानांवर ठेवलं.

सोमवारी सकाळी क्लासला दांडी मारून मी त्यांना वसईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आईला खोटं सांगितलं की चष्म्याचा नंबर काढायचाय. डॉक्टर एक बाई होत्या. त्यांनी कसलीशी यंत्रं लावली, दिवा डोळ्यात धरला, पुन्हा धरला. म्हणाल्या, काचबिंदू. डाव्या डोळ्यात आता काही उरलेलं नाही. उजव्यातला मधला भाग तेवढा शिल्लक आहे, तोही अंधुक, बाजूचं गेलंय. औषधाचे थेंब जन्मभर घातले तर आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही.

"कधीपासून होतंय हे?" त्यांनी विचारलं.

"थोडे दिवस झाले," पप्पा म्हणाले.

मला काय सुचलं कोण जाणे, मी पर्समधून वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वाचली. पान उलटलं, पुन्हा मागे गेल्या. प्रत्येक वाक्याला तारीख होती. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"इतकं नीट लिहिलंय. मग आणलं का नाहीत लवकर?"

क्लासचं आहे, असं म्हणणार होते, पण ते तोंडातून बाहेर पडेना. शेवटी पप्पाच बोलले. म्हणाले, "तिची चूक नाही. मलाच दोन नाताळ झाले कमी दिसायला लागून. सांगितलं असतं तर सायकल बंद केली असती या लोकांनी."

बाहेर येऊन मी त्यांच्यावर ओरडले. लोक बघत होते तरी ओरडले. सायकलसाठी? सायकलसाठी डोळा घालवलात? आणि विहिरीला खारट ठरवून मोकळे झालात, ते वेल उपटायला निघालात! पप्पा भिंतीला हात लावून उभे राहिले. लहान पोराला रागावल्यावर ते उभं राहतं तसे. मग मलाच रडू कोसळलं आणि त्यांनी चाचपून माझा खांदा धरला.

महिनाभर आधी आले असते तर डावा डोळा थोडा तरी वाचला असता का, हे मी पुन्हा आत जाऊन डॉक्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. मला आजही तेच ऐकू येतं. हो म्हटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते, नाही म्हटलं असतं तर सुटले असते. त्यांनी दोन्हींपैकी काहीच म्हटलं नाही.

एसटीत आम्हाला बसायला जागा मिळाली. पप्पा खिडकीशी. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या वहीतलं वाचून दाखव. आपल्या भाषेत सांग."

मी वाचत गेले, सांगत गेले. घंटीला ते हसले. म्हणाले, "मग काय करणार, समोर कोण आहे ते कळायला नको?" चपलेला मात्र गप्प झाले. सगळं संपल्यावर मला म्हणाले, "मला वाटलं, तुला कळलंय."

"काय कळलंय?"

"रोज समोर वही घेऊन बसायचीस. माझ्याकडे बघून लिहायचीस. मला वाटलं, पोरीच्या लक्षात आलंय. डॉक्टरला दाखवायला लिहून ठेवतेय. आज बोलेल, उद्या बोलेल. माझ्याने तर बोलवत नव्हतं. म्हटलं, तू विषय काढलास की हो म्हणेन."

मी खिडकीबाहेर बघू लागले. केळीच्या वाड्या सुरू झाल्या होत्या. पप्पाही तिकडेच बघत होते, पूर्ण मान वळवून.

वेल काही काढले नाहीत. त्या दिवसापासून पानं आई निवडू लागली, करंडी काका नेऊ लागले आणि एकही परत आली नाही. विहिरीबद्दल कोणी पुन्हा बोललं नाही. पप्पांनी सायकल पडवीत टांगली आणि घंटी काढून खिशात ठेवली. कधी चालता चालता खिशातच वाजवायचे.

तिसावं वाक्य मी डॉक्टरकडून आल्यावर त्याच सोमवारी दुपारी ओटीवर बसून लिहिलं. या वेळी हॅज कुठे, बीन कुठे, फॉर की सिन्स, काही अडलं नाही. माय फादर हॅज बीन वेटिंग फॉर मी टू स्पीक फॉर वन मंथ. माझे पप्पा महिनाभर मी बोलण्याची वाट बघताहेत. क्लासला मी पुढे आणखी दोन महिने गेले, पण ते पान सरांना दाखवलं नाही. त्याच्याखाली कोणी बरोबरची खूण करावी, असं मला वाटलं नाही.